सोन्याच्या गावाचे कलादालन : बॅलरॅट आर्ट गॅलरीची वाटचाल

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून सुमारे ११० किलोमीटरवर बॅलरॅट शहर आहे. १८५१ साली इथे सोने सापडले आणि देशोदेशींची माणसे या रानात येऊन थडकली. काहींच्या हाती सोने लागले, बहुतेकांच्या हाती फारसे काही लागले नाही. तरी त्यातले पुष्कळजण इथेच राहिले. त्यांनी रस्ते आखले, शाळा काढल्या, प्रार्थनामंदिरे बांधली, आणि सोने सापडल्याला तेहतीस वर्षे झाली तेव्हा गावासाठी एक चित्रसंग्रहालयही काढले. १८८४ साली स्थापन झालेली ‘बॅलरॅट फाइन आर्ट गॅलरी’ म्हणजेच आजची ‘आर्ट गॅलरी ऑफ बॅलरॅट’. राज्यांच्या राजधान्या वगळल्या, तर ऑस्ट्रेलियातले हे सर्वांत जुने कलादालन.

इतक्या जुन्या संस्थेचा इतिहास लिहायचा, तर इमारती, अध्यक्ष आणि प्रदर्शने यांची जंत्री देता येईल. पण या संस्थेचे मोल त्या जंत्रीत सापडत नाही. राजधानीने आपल्याला काहीतरी द्यावे म्हणून बॅलरॅटकर थांबले नाहीत. आपल्या गावात घडले ते आपणच जपायचे, असे त्यांनी ठरवले. बंडखोराची वस्तू असो की त्याला चिरडणाऱ्या शिपायाची, ती त्यांनी एकाच छपराखाली ठेवली. म्हणूनच वसाहतकाळातल्या माणसांची चरित्रे लिहिणाऱ्याला आज बॅलरॅटला यावेच लागते.

तंबूंचे गाव

सोने सापडण्यापूर्वी ही भूमी वाडावुरुंग लोकांची होती. हजारो वर्षे ते इथे राहत आले होते. युरोपीय मेंढपाळ आले ते १८३० च्या दशकाच्या अखेरीस, आणि १८५१ मध्ये सोन्याची बातमी फुटल्यावर काही महिन्यांतच सारे चित्र पालटले. झाडे तुटली, ओढे गढूळ झाले, टेकड्यांच्या उतारांवर खड्डेच खड्डे झाले.

खाणकामगाराला जमिनीत काही सापडो वा न सापडो, दरमहा परवाना शुल्क, सुरुवातीला तीस शिलिंग, भरावेच लागे. परवाना अंगावर बाळगला नाही, तर पोलीस धरून नेत. मताधिकार नव्हता, जमीन घेण्याची सोय नव्हती. या असंतोषाचा स्फोट १८५४ च्या अखेरीस झाला. २९ नोव्हेंबरला बेकरी हिलवर हजारोंची सभा भरली आणि परवाने जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी पीटर लॉलर या आयरिश तरुणाच्या पुढाकाराने खाणकामगारांनी एका नव्या निशाणाखाली शपथ घेतली आणि युरेका भागात लाकडे रचून तटबंदी उभी केली. ३ डिसेंबरच्या रविवारी पहाटे सैन्य आणि पोलीस तिच्यावर चालून गेले. पंधरा-वीस मिनिटांत सारे आटोपले. खाणकामगारांचे किमान बावीस जण ठार झाले. काही सैनिकही पडले.

पण लढाई जिंकूनही सरकारचा पराभव झाला. तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले भरले गेले, आणि १८५५ मध्ये मेलबर्नच्या ज्युरींनी एकापाठोपाठ एक सर्वांना निर्दोष सोडले. मासिक परवाना गेला, वर्षाला एक पौंड शुल्काचा ‘मायनर्स राइट’ आला आणि त्यासोबत मताधिकारही आला. या झुंजीत डावा हात गमावलेला लॉलर १८५५ मध्येच विधिमंडळात गेला. १८८० ते १८८७ या काळात तो विधानसभेचा सभापती होता. ज्याच्यावर इनाम लावले होते, तो गृहस्थ त्याच राज्याच्या सभागृहात सर्वोच्च आसनावर बसला.

ज्या पिढीने हे सारे डोळ्यांनी पाहिले, तिनेच पुढे बॅलरॅटचे कलादालन काढले. सभागृहे, वाचनालये, विद्यालये यांची आच या गावाला का होती, त्याचे उत्तर इथे मिळते. १८५९ मध्ये गावात मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट निघाली, १८७० मध्ये खाणविद्येची शाळा निघाली. त्याच मालिकेतली पुढची संस्था म्हणजे हे कलादालन.

जेम्स ओडी

बॅलरॅटच्या बऱ्याच संस्थांच्या मुळाशी जेम्स ओडी हे नाव आढळते. त्याचा जन्म १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या लँकशायर परगण्यात, क्लिदरो गावी झाला. ओतकामाच्या कारखान्यात तो साचे करण्याचे काम शिकला. १८४९ मध्ये तो जीलाँग बंदरात उतरला. १८५१ मध्ये सोन्याची बातमी येताच बॅलरॅटच्या पहिल्या तुकड्यांबरोबर तोही निघाला. पुढे त्याने दुकान चालवले, लिलावाचा धंदा केला, सावकारी केली. १८५६ मध्ये बॅलरॅटला नगरपालिका मिळाली, तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष ओडीच झाला.

मेथडिस्ट पंथाचा हा श्रद्धाळू माणूस पैसा मिळवण्यात वाकबगार होता, आणि तो देण्यातही सढळ होता. खाणविद्येच्या शाळेला त्याने हातभार लावला. माउंट प्लेझंट भागात खगोल वेधशाळा उभारण्यासाठी खर्च केला. स्टर्ट स्ट्रीट या गावच्या प्रशस्त रस्त्यावर पीटर लॉलरचा जो पुतळा उभा आहे, तोही ओडीनेच गावाला दिला. १८९३ मध्ये त्याचे अनावरण झाले. ज्या माणसाला एके काळी सरकार शोधत होते, त्याचा पुतळा नगरपालिकेच्या पहिल्या अध्यक्षाने भरचौकात उभा करावा, यावरून गावाचे मन कळते.

कलादालनाच्या स्थापनेतही तो पुढे होता. त्याच्या सोबतची मंडळी व्यापारी, वकील, शिक्षक अशी होती. सरकारी हुकूम किंवा राजाश्रय यांतले काहीच नव्हते. नागरिकांनी संघटना स्थापन केली, वर्गण्या गोळा केल्या, चित्रे मागवली. त्याच १८८४ मध्ये टॉमस स्टॉडार्ट या नागरिकाने बॅलरॅटच्या वनस्पती उद्यानासाठी इटलीतून मागवलेले संगमरवरी पुतळे गावाला दिले. एकाच वर्षात उद्यानात शिल्पे आली आणि गावात चित्रसंग्रहाची पायाभरणी झाली. सोने काढणाऱ्या पिढीला उतारवय लागले होते आणि आपल्यामागे गावात काय उरणार, हा विचार त्यांच्या मनात बळावला होता.

लिडियार्ड स्ट्रीटवरची इमारत

संग्रह वाढू लागला तशी स्वतंत्र वास्तूची गरज भासली. टॅपिन, गिल्बर्ट आणि डेनेही या वास्तुविशारदांनी आराखडा केला. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, कोनशिला बसली. १३ जून १८९० रोजी आल्फ्रेड डीकिन यांच्या हस्ते इमारतीचे उद्घाटन झाले. डीकिन हे तेव्हा व्हिक्टोरियाच्या मंत्रिमंडळात होते. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलिया एकसंध राष्ट्र झाल्यावर ते बॅलरॅटमधूनच केंद्रीय संसदेत निवडून गेले आणि पुढे तीनदा पंतप्रधान झाले.

लिडियार्ड स्ट्रीटला दर्शनी बाजू आणि मागे कॅम्प स्ट्रीट, अशी या इमारतीची जागा. कॅम्प स्ट्रीट हे नाव इथल्या सरकारी छावणीवरून पडले. १८५४ मध्ये पोलीस, सैन्य आणि सोनेखाणींचे अधिकारी याच टेकाडावर तळ ठोकून होते. युरेकाच्या पहाटे सैनिक निघाले तेही इथूनच. त्याच परिसरात छत्तीस वर्षांनी गावाने चित्रांसाठी घर बांधले. खास कलादालन म्हणून बांधलेली आणि आजतागायत त्याच कामी असलेली ही ऑस्ट्रेलियातली सर्वांत जुनी इमारत समजली जाते.

एका अपयशी खाणकामगाराचे चित्र

या संग्रहातले एक चित्र जरा थांबून पाहण्याजोगे आहे. शीर्षकाचा मराठी अर्थ होतो, ‘१८५३-५४ च्या उन्हाळ्यातले जुने बॅलरॅट’. चित्रकार यूजीन फॉन गेरार्ड.

फॉन गेरार्ड १८११ मध्ये व्हिएन्नात जन्मला, इटली आणि जर्मनीत शिकला. १८५२ च्या डिसेंबरात तो व्हिक्टोरियात पोहोचला आणि काही दिवसांतच, हातात कुदळ घेऊन, बॅलरॅटला निघाला. वर्षभराहून अधिक काळ त्याने इथे खड्डे खणले. सोन्याच्या नावाने फारसे काही मिळाले नाही. पण तो रोजनिशी लिहीत होता आणि वहीत रेखाटने करीत होता. तंबूंची मांडणी, खोपट्यांची छपरे, टेकड्यांच्या कडा, माणसांचे कपडे, जे दिसेल ते त्याने टिपून ठेवले. पुढे तो वसाहतीतला अग्रगण्य निसर्गचित्रकार झाला. १८७० मध्ये मेलबर्नच्या नॅशनल गॅलरीत चित्रकलेची शाळा सुरू झाली, तिचा पहिला प्रमुख तोच. १८८२ मध्ये तो युरोपात परतला आणि ड्युसेलडॉर्फला स्थायिक झाला.

तिथे, १८८४ मध्ये, तीस वर्षांपूर्वीच्या त्या वह्या उघडून त्याने हे तैलचित्र रंगवले. म्हणजे बॅलरॅटमध्ये कलादालन स्थापन होत होते त्याच वर्षी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बसून, एक वृद्ध चित्रकार बॅलरॅटचे बालपण कॅनव्हासवर उतरवत होता. चित्रात उतरत्या उन्हातली वस्ती दिसते. पांढुरके तंबू, झाडांच्या सालींनी शाकारलेली खोपटी, तोडलेल्या झाडांचे बुंधे आणि मागे अजून न तुटलेले रान. माणसे लहान आहेत, पण कामात गुंतलेली आहेत. त्या उन्हाळ्याचे बॅलरॅट १८८४ पर्यंत पार नाहीसे झाले होते. तिथे दगडी इमारती आणि घंटाघरे आली होती.

ओडीने हे चित्र घेतले आणि १८८५ मध्ये कलादालनाला भेट दिले. भेटीसाठी त्याने निवडलेला दिवस होता कामगारांच्या आठ तासांच्या लढ्याचा स्मृतिदिन. मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ मध्ये संप करून आठ तासांचा कामाचा दिवस मिळवला होता आणि व्हिक्टोरियात त्याचा वार्षिक उत्सव होई. कष्टकऱ्यांच्या सणाला कष्टकऱ्यांच्या पहिल्या वस्तीचे चित्र गावाच्या हवाली करावे, यात ओडीची दृष्टी दिसते.

त्या काळाचा दुसरा महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे सॅम्युएल टॉमस गिल. सॉमरसेटमध्ये १८१८ साली जन्मलेल्या गिलने सोनेखाणींवरच्या जीवनाची जलरंगातली आणि शिळाछापावरची चित्रे काढली. फॉन गेरार्ड दूरवरचे भूदृश्य पाहतो, तर गिल थेट तंबूत शिरतो. परवाने तपासणारे पोलीस, दारूचे गुत्ते, पाळण्यासारखी पेटी हलवत सोने गाळणारी माणसे, थकून बसलेला एकटा खाणकामगार, हे सारे त्याच्या कुंचल्यातून उतरले. १८८० मध्ये तो मेलबर्नच्या पोस्टाच्या पायऱ्यांवर कोसळून मेला आणि त्याला निर्धनांच्या कबरीत पुरले. त्याची योग्यता लोकांना पुढे कळली. १९१३ मध्ये त्याचे अवशेष हलवून नव्या कबरीत ठेवले गेले. वसाहतीच्या आद्य चित्रकारांची चरित्रे वाचताना ही विषमता वारंवार समोर येते. ज्यांनी काळ जपला, त्यांना काळाने जपले नाही. कलादालनासारखी संस्था ही चूक थोडीफार भरून काढते.

शिपायाच्या घरातले निशाण

युरेकाच्या लढाईत फडकलेले निशाण निळ्या कापडाचे होते. त्यावर पांढरा क्रॉस, क्रॉसच्या चारही टोकांना आणि मध्यभागी आठ टोकांचे पाच पांढरे तारे. मूळ लांबी सुमारे चार मीटर. त्याची कल्पना टोरांटोहून आलेल्या हेन्री रॉसची, असे सांगितले जाते, आणि गावातल्या तीन स्त्रियांनी ते शिवले, अशी परंपरा आहे. लढाईत ते खाली खेचले जॉन किंग या पोलीस शिपायाने. विजयी शिपायांनी ते तुडवले, त्याचे तुकडे फाडून घेतले. उरलेले किंगने स्वतःपाशी ठेवले.

किंग पुढे शेतकरी झाला आणि १८८१ मध्ये वारला. निशाण त्याच्या कुटुंबाच्या घरात, मिनिप भागातल्या शेतावर राहिले. १८९५ मध्ये बॅलरॅटच्या कलादालनाने त्याची चौकशी केली आणि किंगची विधवा इझाबेला हिने ते संस्थेच्या स्वाधीन केले. बंडखोरांचे निशाण शिपायाच्या बायकोने पाठवावे आणि पूर्वीच्या छावणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या संस्थेने ते स्वीकारावे, यापेक्षा बोलका प्रसंग या संस्थेच्या इतिहासात दुसरा नाही.

मात्र स्वीकारल्यावर ते नीट जपले गेले, असे म्हणता येत नाही. पुष्कळ वर्षे ते फारसे कोणाच्या नजरेस पडत नव्हते. आलेल्या पाहुण्यांना आठवण म्हणून त्याचे तुकडे कापून देण्याचाही प्रघात होता. हे निशाण खरेच युरेकाचे का, अशी शंका काही जण घेत. १९४० च्या दशकात लेन फॉक्स या पत्रकाराने त्याचा पाठपुरावा केला, कागदपत्रे धुंडाळली आणि हेच ते निशाण, हे लोकांपुढे मांडले. १९७३ मध्ये त्याच्यावर जतनाचे काम झाले आणि ३ डिसेंबर १९७३ रोजी, लढाईच्या वर्षदिनी, पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या हस्ते ते कलादालनात सर्वांसाठी खुले झाले.

आज मूळ कापडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग उरला आहे. जवळून पाहिले, तर ताऱ्यांच्या कडेचे टाके दिसतात, कात्रीने सरळ कापलेल्या जागा दिसतात आणि ओढाताणीत फाटलेल्या वेड्यावाकड्या कडाही दिसतात. कापलेली कडा आणि फाटलेली कडा यांतला फरक सहज ओळखू येतो. पहिली पाहुण्यांच्या हौसेची, दुसरी लढाईच्या पहाटेची. २००१ मध्ये किंग घराण्याने ते कायमचे संस्थेला दिले. २०१० च्या सुमारास अॅडलेडच्या प्रयोगशाळेत त्याच्यावर पुन्हा सविस्तर जतनकाम झाले. २०१३ पासून ते युरेकाच्या जागी उभारलेल्या स्मारक केंद्रात प्रदर्शित आहे. मालकी मात्र कलादालनाचीच आहे.

कॅनडातून आलेली वही

निशाणाची कहाणी पुरी झाली ती १९९६ मध्ये, आणि तेही कॅनडातून. एका कुटुंबाच्या जुन्या सामानात चार्ल्स डुडिए नावाच्या माणसाची रेखाटनवही सापडली. डुडिए मूळचा स्वित्झर्लंडचा, लहानपणी कॅनडात गेलेला. तरुणपणी तो सोन्याच्या शोधात ऑस्ट्रेलियात आला होता आणि १८५४ मध्ये बॅलरॅटमध्येच होता. हेन्री रॉस त्याचा मित्र. तटबंदीत जखमी झालेल्या रॉसला उचलून नेणाऱ्यांत डुडिए होता. पुढे तो कॅनडात परतून धर्मोपदेशक झाला.

त्याच्या वहीत जलरंगातली दोन-तीन चित्रे अशी होती की इतिहासकारांची झोप उडाली. एका चित्रात बेकरी हिलवर निशाणाखाली शपथ घेणारे खाणकामगार आहेत. दुसऱ्यात तटबंदीवर चालून येणारे सैनिक. निशाण निळे आहे, क्रॉस पांढरा आहे, तारे जिथल्या तिथे आहेत. किंगच्या विधवेने १८९५ मध्ये दिलेल्या कापडाशी हे चित्र तंतोतंत जुळले. ही रेखाटने मेलबर्नला लिलावात निघाली, तेव्हा बॅलरॅटकरांनी पैसे उभारले आणि कलादालनाने ती घेतली.

इथे संस्थेचे काम नीट समजते. शिपायाने लुटीची वस्तू जपली, पराभूताच्या मित्राने डोळ्यांनी पाहिलेले रेखाटले. दोघेही आपापल्या बाजूचे होते, आणि दोघांची आठवण स्वतंत्रपणे दोन खंडांत शतकाहून अधिक काळ पडून होती. त्या दोन साक्षी एका छताखाली आल्या तेव्हा इतिहासातला एक वाद मिटला. एकट्या निशाणाने तो मिटला नव्हता, आणि एकट्या वहीनेही मिटला नसता.

क्रेसविकचे लिंडसे

बॅलरॅटच्या उत्तरेला क्रेसविक हे लहानसे खाणगाव. तिथे रॉबर्ट चार्ल्स लिंडसे नावाचे डॉक्टर होते. त्यांना दहा मुले झाली आणि त्यांतली पाच चित्रकार झाली. पर्सी, लायोनेल, नॉर्मन, रूबी आणि डॅरिल. एका खाणगावातल्या एका घरातून पाच चित्रकार निघावेत, ही ऑस्ट्रेलियाच्या कलेतली अपूर्व गोष्ट.

मुलांची आई जेन हिचे वडील टॉमस विल्यम्स हे फिजी बेटांवर काम केलेले मेथडिस्ट मिशनरी. फिजीच्या लोकजीवनावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. उतारवयात ते बॅलरॅटला राहत आणि नातवाला, नॉर्मनला, कलादालनात घेऊन जात. तिथे नॉर्मनने सॉलोमन जे. सॉलोमन या इंग्लिश चित्रकाराचे ‘एजॅक्स अँड कॅसँड्रा’ हे भव्य चित्र पाहिले. ते १८८६ मध्ये रंगवलेले आणि पुढच्याच वर्षी बॅलरॅटने विकत घेतलेले. बलदंड योद्धा, त्याच्या हाती सापडलेली स्त्री, उघड्या अंगांचा पीळ. खाणगावातल्या त्या पोराच्या मनावर या चित्राने कायमचा ठसा उमटवला, हे नॉर्मनने स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे त्याच्या चित्रांतल्या नग्नाकृतींवरून सनातनी लोकांनी गदारोळ केला. त्या साऱ्याचे बीज आजोबांचे बोट धरून पाहिलेल्या एका चित्रात होते. एखादे दालन एखाद्या मुलाला काय देऊ शकते, याला आणखी पुरावा लागत नाही.

१८९३ च्या उन्हाळ्यात वॉल्टर विदर्स या निसर्गचित्रकाराने क्रेसविकला उघड्या हवेत चित्रवर्ग घेतले. पर्सी आणि नॉर्मन त्यात शिकले. पर्सीने क्रेसविकच्या आसपासची शांत भूदृश्ये रंगवली. लायोनेल कोरीव छापचित्रांचा, विशेषतः लाकडी ठशांचा मोठा कलावंत झाला. १९४१ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. नॉर्मन ‘बुलेटिन’ साप्ताहिकाचा रेखाचित्रकार म्हणून गाजला. १९१८ मध्ये त्याने मुलांसाठी लिहिलेले ‘द मॅजिक पुडिंग’ आजही ऑस्ट्रेलियातल्या घराघरांत वाचले जाते. डॅरिल १९४२ ते १९५६ मेलबर्नच्या नॅशनल गॅलरीचा संचालक होता. त्याची पत्नी जोन हिने ‘पिकनिक अॅट हँगिंग रॉक’ ही कादंबरी लिहिली.

यांतल्या रूबीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण भावांच्या कीर्तीत तिचे नाव मागे पडते. १८८५ मध्ये जन्मलेली रूबी विलक्षण नाजूक रेषेची रेखाचित्रकार होती. लिंडसे आडनावाच्या सावलीतून बाहेर यावे म्हणून ती ‘रूबी लिंड’ अशी सही करी. तिचे लग्न विल डायसनशी झाले. तोही बॅलरॅटजवळच्या आल्फ्रेडटनचा, व्यंगचित्रकार, पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचा पहिला अधिकृत युद्धचित्रकार. युद्ध संपले आणि १९१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत रूबी लंडनमध्ये, वयाची चौतीस वर्षे पूर्ण होण्याआधीच वारली.

कलादालनाने या घराण्याची चित्रे, कागदपत्रे आणि वस्तू आस्थेने गोळा केल्या. क्रेसविकच्या घराची बैठकीची खोली मूळ सामानासह कलादालनात पुन्हा उभारली आहे. पाच चित्रकार जिथे भांडले, हसले, एकमेकांचे मॉडेल म्हणून बसले, त्या खोलीत उभे राहिले की या कुटुंबाचे चरित्र कागदावरून खाली उतरते.

देणाऱ्यांची परंपरा

ओडी १९११ मध्ये वारला. त्याने घालून दिलेली वाट मात्र मोडली नाही. बॅलरॅटमध्येच जन्मलेले रिचर्ड क्राउच हे वकील, लष्करी अधिकारी आणि संसदेचे सदस्य. १९०१ मध्ये ते पहिल्या केंद्रीय संसदेत निवडून गेले. १९२७ मध्ये त्यांनी वडिलांच्या, जॉर्ज क्राउच यांच्या स्मरणार्थ चित्रकलेचे पारितोषिक सुरू केले. पारितोषिकप्राप्त चित्रे संग्रहात दाखल होत गेली, त्यामुळे समकालीन ऑस्ट्रेलियन चित्रकला या गावात आपसूक येत राहिली. क्राउच यांनी मध्ययुगीन युरोपातल्या हस्तलिखितांचा संग्रहही संस्थेला दिला. एका खाणगावच्या कलादालनात सोनेरी अक्षरांची लॅटिन हस्तलिखिते पाहायला मिळतात, ती त्यांच्यामुळे.

पहिल्या अनेक दशकांत संस्थेचा कारभार नागरिकांची समिती चालवी. पुढे व्यावसायिक संचालक आले. १९७० च्या दशकात रॉन रॅडफर्ड संचालक होते. नंतर ते अॅडलेडच्या राज्य कलादालनाचे आणि पुढे कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाचे संचालक झाले. कालांतराने संस्थेची जबाबदारी शहर प्रशासनाकडे आली. तरीही चित्र विकत घ्यायचे म्हटले की आजही गावकरी देणगीची पेटी फिरवतात, आणि डुडिएच्या वहीच्या वेळी तर सारे गाव या कामाला लागले होते.

जे पहिल्या पिढीने पाहिले नाही

संस्थेच्या इतिहासात गौरवासोबत उणिवाही सांगायला हव्यात. पहिल्या पिढीच्या दृष्टीने इतिहास १८५१ मध्ये सुरू झाला. त्या आधीचे वाडावुरुंग लोक त्यांच्या चित्रांत आले, पण चित्रे काढणारा हात त्यांचा नव्हता. सोन्यासाठी आलेल्या हजारो चिनी माणसांवर १८५५ पासून व्हिक्टोरियात बंदरात उतरताना दहा पौंडांचा कर लावला गेला. त्यांची चरित्रे संग्रहात फार तुरळक आहेत. युरेकाच्या खटल्यातला पहिला आरोपी जॉन जोसेफ हा अमेरिकन कृष्णवर्णीय होता. ज्युरींनी त्याला निर्दोष सोडल्यावर लोकांनी त्याला खुर्चीत बसवून मिरवले. तरी लॉलरसारखा त्याचा पुतळा चौकात नाही. निशाण शिवणाऱ्या स्त्रियांची नावेही परंपरेने सांगितली जातात, कागदांत ती अगदी उशिरा आली.

आता कलादालन आदिवासी कलावंतांची चित्रे घेते, त्यांची प्रदर्शने मांडते. हे काम उशिरा सुरू झाले असले, तरी ते आवश्यक आहे. संस्थेच्या मूळ प्रतिज्ञेतच ते येते. गावात जे घडले ते सगळे जपायचे असेल, तर पराभूतांबरोबर, ज्यांची भूमी गेली त्यांचेही जपावे लागते.

संस्थेने शिकवलेले

बॅलरॅटच्या कलादालनाने पायोनियर आणि कलावंत यांच्यात भिंत ठेवली नाही, ही त्याची मोठी कामगिरी. फॉन गेरार्ड खाणकामगार होता आणि चित्रकारही. डुडिए बंडाचा साक्षीदार होता आणि त्याचा चित्रलेखकही. ओतकामगार ओडीने नगरपालिका चालवली आणि चित्रसंग्रहही उभारला. लिंडसे मुले खाणगावच्या डॉक्टरच्या घरात वाढली आणि देशाची दृष्टी घडवून गेली. यांची चरित्रे सुटी सुटी वाचली, तर ती चरित्रेच राहतात. एका दालनात शेजारी शेजारी ठेवली, की एका वसाहतीचा नागरी समाज कसा घडला, ते दिसू लागते.

यातून प्रत्येक लहान शहराने घ्यावे असे काही आहे. वस्तू ज्याने दिली त्याची बाजू पाहू नये, वस्तू पाहावी. ती खरी आहे का, हे तपासण्याची घाई करू नये, पण ती फेकूही नये. १८९५ मध्ये इझाबेला किंगने पाठवलेले फाटके कापड शंकास्पद म्हणून परत केले असते, तर १९९६ मध्ये डुडिएच्या वहीला जुळवायला काहीच उरले नसते. गावातल्या माणसांनी वर्गणी द्यावी, वेळ द्यावा, घरातले जुने कागद द्यावेत आणि संस्थेने ते शंभर वर्षे सांभाळण्याचे वचन पाळावे, इतक्या साध्या व्यवहारावर हे कलादालन उभे आहे. ज्या गावांना आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहावा असे वाटत नाही, त्यांनी हा व्यवहार आजच सुरू करावा.